माईंना कुठे ठेवायचं, हे माईंना विचारलंत का?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या भगिनी ५१ वर्षांच्या आहेत. पणजीत नोकरी करतात, पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतात. नवरा नोकरीत, मुलगी कॉलेजात, घर दिवसभर रिकामं. त्यांची आई ७८ वर्षांची, घरात सगळे तिला माई म्हणतात. वडील गेल्यापासून माई फोंडा तालुक्यातल्या गावी, कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) जुन्या घरात एकट्या राहतात. घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, अजून झालेली नाही. यंदाच्या पहिल्या पावसात माई न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं. काही आठवडे लेकीकडे राहिल्या, पण मन रमेना, जेवण तुटलं, आणि प्लास्टर निघताच हट्टाने गावी परतल्या. ब्यूरोतून चोवीस तासांसाठी ठेवलेल्या दोन बायका एकामागून एक सोडून गेल्या. हल्ली गॅस चालू राहतो, रक्तदाबाची गोळी कधी दोनदा घेतली जाते. भगिनींनी एक असिस्टेड लिव्हिंगची जागा (रोजच्या कामांत मदत मिळते असं ज्येष्ठांचं निवासस्थान) पाहून ठेवली आहे आणि ती त्यांना पटली आहे. बहरीनला असलेला धाकटा भाऊ पैसे पाठवतो, पण म्हणतो, "आईला आश्रमात टाकून चवथीला गावात तोंड कसं दाखवू?" माई एवढंच म्हणतात, "तुमकां दिसता तशें करात" (तुम्हाला वाटेल तसं करा). भाऊ चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, येतोय. त्याच्याशी भांडून माईंना हलवायचं, की नोकरी सोडून गावी जायचं, असं भगिनी विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, भावाचं आहे, गाव काय म्हणेल तेही आहे. माईंचं मात्र एकच वाक्य आहे. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही त्याचा अर्थ होकार असा घेतलाय आणि शेवटाकडे नकार असा. आपल्या घरांतल्या बायका हे वाक्य आयुष्यभर म्हणत आल्या आहेत: लग्न ठरताना, जमिनीची वाटणी होताना, मुलं परदेशी निघताना. त्यातून एवढंच समजतं की माईंना तुम्हा दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नाही. त्यांना स्वतःला काय हवंय ते समजत नाही, आणि ते समजल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

"तिथे जाशील का गो?" असं विचारलंत तर उत्तर तेच येणार. एखाद्या शनिवारी एकट्याच गावी राहायला जा. भाजी निवडता निवडता विचारा: दिवसातलं कुठलं काम आता जड जातं? रात्री कशाचं भय वाटतं? आणि काय सुटलं तर जीव रमणार नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'घर' असणार, असं तुम्ही दोघांनीही धरून ठेवलंय. असेलही. पण ते उत्तर अंगणातली तुळस असू शकतं, देवळातली पालखी असू शकतं, किंवा संध्याकाळी सोप्यावर येऊन बसणारी शेजारीण. तुमच्याकडे माईंचं मन रमलं नाही याचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. जरा त्यांच्या बाजूने पाहा. गावात एकट्या राहणाऱ्या बाईलाही सकाळच्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्यापासून सांजेच्या दिव्यापर्यंत दहा माणसं दिसतात, चार जणांशी बोलणं होतं. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये सकाळी दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत माई आणि टीव्ही. यात तुमच्या मायेची काही कसूर नाही. पण ज्या माणसाला माणसं लागतात, त्याला बरी चालवलेली निवासाची जागा लेकीच्या रिकाम्या घरापेक्षा मानवू शकते, हेही त्यातून निघतं. भावाला हे नक्की सांगा.

आता जागेचा विचार बाजूला ठेवून मदतीचा विचार करू. वृद्धांबरोबर काम करणारे सोशल वर्कर आणि डॉक्टर आधी सहा गोष्टी बघतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, उठणं-बसणं-चालणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यानंतर दुसरी यादी, जगरहाटीची: स्वयंपाक, औषधं, पैशाचा व्यवहार, फोन, बाजार, प्रवास, कपडे धुणं, घर आवरणं. पहिल्या यादीतल्या दोन-तीन गोष्टींना रोज कुणाचा हात लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंगचा विचार योग्य ठरतो. तुमच्या पत्रावरून माईंना आंघोळ सोडली तर पहिल्या यादीतलं सगळं जमतंय. अडतंय ते दुसऱ्या यादीत, औषध आणि गॅस इथे. म्हणजे आजच्या घडीला त्यांना दिवसातले काही तास मदत आणि रात्री कुणाची तरी सोबत हवी आहे.

हे 'आजच्या घडीला' आहे, कारण विसरण्याचं कारण अजून शोधलेलं नाही. "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, यातल्या कशानेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपाय असतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर तीही लवकर समजलेली बरी. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा तिथल्याच मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत, एकदा नीट तपासणी करून घ्या. जाताना माईंच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, चिठ्ठी नव्हे, गोळ्याच. आणि एक नेमका प्रश्न विचारा: ज्या दिवशी त्या पडल्या, त्या दिवशी रक्तदाबाची गोळी दोनदा झाली असू शकते का? तसं झालं तर रक्तदाब एकदम उतरतो, उठताना भोवळ येते. मग दोष नुसता ओल्या न्हाणीचा उरत नाही, आणि आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी भरून देणारं माणूस मिळालं तरी अर्धी काळजी मिटते. न्हाणीचं काम मात्र तपासणीसाठी थांबवू नका. धरायला दोन दांडे, न घसरणारी फरशी, उंच कमोड, खोलीपासून तिथपर्यंत रात्रभर जळणारा दिवा, एवढं गावातला प्लंबर आणि वायरमन करून देईल.

पत्रात सोशल वर्करचा उल्लेख कुठेच नाही. तो नसतोच बहुतेकांच्या पत्रात. आपल्याला डॉक्टर, नर्स, वकील ठाऊक असतात. सोशल वर्कर म्हणजे योजनेचे अर्ज भरून देणारं माणूस, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात तुमच्यासारख्या घरात सगळ्यात आधी त्यांनाच बोलवावं. गोमेकॉसारख्या मोठ्या इस्पितळांत वैद्यकीय सोशल वर्कर असतात. रुग्ण घरी जाताना घरी कोण आहे, पायऱ्या किती, औषध कोण देणार, हे विचारणं त्यांचं काम. घरभेटीला आलेली अनुभवी सोशल वर्कर फारसे प्रश्न विचारत नाही. ती बसते आणि बघते: माई खुर्चीतून उठताना कशाला धरतात, चहा करताना लायटर कुठे ठेवतात, फ्रीजमध्ये नासलेलं दूध किती दिवसांचं आहे, फोनवर कुणाचे नंबर आहेत आणि ते त्यांना लावता येतात का. नंतर ती माईंशी एकटीने बोलते. तुमच्यासमोर आणि मुलासमोर जे माई कधीच बोलणार नाहीत, ते तिच्याकडे बोलतील, कारण तिला दुखवण्याचा प्रश्न नसतो. एकटीने बोलणं झाल्याशिवाय कुणी सोशल वर्कर तुम्हाला 'हलवा' किंवा 'हलवू नका' असं सांगत असेल, तर दुसरी शोधा.

निवासाच्या जागेतही या कामाला किती वजन असतं, ते एका प्रसंगावरून सांगते. एका संस्थेत नव्याने आलेल्या आजी दुपारचं जेवण घेईनात. ताट समोर यायचं, त्या तोंड फिरवायच्या. नर्सच्या वहीत रोज एकच नोंद: 'जेवण नाकारले'. डॉक्टरांनी भूक लागण्याचं औषध सुरू केलं. तिथल्या सोशल वर्करने सुनेला फोन करून आजींचा घरचा दिवस विचारून घेतला. घरी साठ वर्षं नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांनी तोंडात घास घातला नव्हता. इथे नैवेद्य नाही, देव नाही, बारा वाजता थेट ताट. दुसऱ्या दिवशी कपाटावर घरून आणलेली तसबीर ठेवली, एक छोटी वाटी आधी त्यांच्या हातात दिली. त्या जेवल्या. औषध बंद झालं. म्हणून तुम्ही पाहिलेल्या जागेत पुन्हा जाल तेव्हा आधी विचारा: नवीन माणूस आल्यावर त्याची माहिती कोण घेतं आणि त्या कागदावर काय असतं? नुसते आजार आणि औषधं असतील तर ती जागा इस्पितळासारखी चालते. माईंना काय नावाने हाक मारायची, चहा आधी की आंघोळ आधी, कुठल्या तिथीला उपास, कोणत्या गोष्टीचा राग येतो, हे लिहिलेलं असेल तर तिथे कुणीतरी माणसाकडे बघतंय.

स्वच्छता आणि नर्स तुम्ही पाहिलीत, ते ठीक. पण दिवसा अकरा वाजता पाहिलीत. रात्री नऊला न सांगता जा. त्या वेळी किती माणसं कामावर आहेत ते मोजा. तिथल्या कर्मचाऱ्यांना कोंकणी समजते का ते ऐका, कारण माईंना अर्ध्या रात्री 'पोटांत दुखता' हिंदीत सांगता येणार नाही. आणि व्यवस्थापकाला हा प्रश्न जरूर विचारा: "आईची तब्येत कितपत बिघडली तर तुम्ही तिला परत न्यायला सांगाल?" यावर गोलमोल उत्तर आलं तर सावध व्हा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा रात्री भटकणाऱ्या माणसाला सांभाळायची तयारी पुष्कळ ठिकाणी नसते, आणि हे कुटुंबांना कळतं ते नेमकं अडचणीच्या वेळी. अनामत रक्कम कधी, किती परत मिळणार, डायपर-फिजिओथेरपी वेगळी मोजणार का, इस्पितळात सोबत कोण राहणार, तक्रार कुणाकडे करायची, हे करारात लेखी घ्या. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती राज्यांनी स्वीकारायची असतात. तुमच्या हातातलं खरं शस्त्र करारच. आणि करारावर सही माईंची हवी, त्यांना वाचून दाखवून.

आता भाऊ. त्याची लाज खोटी नाही, तिची टवाळी करू नका. आपल्याकडे 'आश्रम' म्हटलं की डोळ्यांपुढे कुणी नसलेली माणसं येतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोवेदोरिया ही सरकारी मदतसंस्था आजही निराधारांसाठी निवास चालवते, आणि ते काम मोलाचं आहे. मुलं असलेली बाई तिथे जाते म्हणजे मुलांनी टाकली, असं गावाचं गणित. पण गोवा बदललाय. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर शंभर माणसांत अकराहून अधिक साठीच्या पुढची होती, राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल. तुमच्या वाड्यावर एक फेरी मारली तर किती घरांत एकच म्हातारं माणूस आणि परदेशी पोरं आहेत ते भावालाही दिसेल. त्याला वाद घालून पटवू नका. त्याला माईंच्या रोजच्या देखभालीचं काम द्या. तो आला की तीन दिवस तुम्ही गावी फिरकू नका. गोळ्या, गॅस, आंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं त्याच्याकडे. नंतर तो जे मत देईल ते अनुभवाचं असेल, आणि ते तुमच्या विरुद्ध असलं तरी ऐकून घ्या.

पैशाबद्दल तुम्ही दबकत लिहिलंय, मी स्पष्ट लिहिते. गोव्यातल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. म्हणजे त्या घरात आणि कुळागरात अर्धा हक्क माईंचा स्वतःचा आहे, वडिलांच्या मागे मिळालेला नव्हे. सुपारी-नारळाचं जे उत्पन्न येतं त्यातला त्यांचा वाटा आधी त्यांच्यावर खर्च व्हावा. 'भावाचे पैसे' आणि 'माझे कष्ट' असा हिशेब तुम्ही दोघं मांडताय, त्यात माईंचे स्वतःचे पैसे कुणी धरलेच नाहीत. इन्व्हेंटरीचं काम माई नीट समजून सही करू शकतात तोवर हाती घ्या. स्मरण फार ढळलं की त्यांनी दिलेलं मुखत्यारपत्रही कायद्याने चालत नाही. बँकेचं खातं आणि नॉमिनेशनही याच काळात मार्गी लावा.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी एक गोष्ट. "सांभाळतो, घर नावावर कर" असं कुणी म्हणत असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. मुलं बघत नसतील तर याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो, आणि तिथे ज्येष्ठांची बाजू मांडायला निर्वाह अधिकारी असतो. ती जबाबदारी कायद्याने समाजकल्याण अधिकाऱ्याच्या दर्जाच्या माणसाकडे दिलेली आहे. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते.

ब्यूरोतल्या बायका टिकत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. त्यांच्या जागी जरा बसून पाहा. चोवीस तास काम, रात्री माई तीनदा उठणार, आठवड्याची सुट्टी नाही, झोपायला स्वयंपाकघराचा कोपरा, बोलायला कुणी नाही, आणि गाव अनोळखी. कुणीही जाईल. एका बाईवर चोवीस तास टाकण्याऐवजी काम वाटा. सकाळी आंघोळ, गोळ्या आणि स्वयंपाकासाठी वाड्यावरचीच ओळखीची बाई, रात्री सोबतीला दुसरी कुणी. दोघींना ठरलेली सुट्टी आणि रीतसर पगार. दुपारसाठी जवळपास ज्येष्ठांचं दिवसाचं केंद्र आहे का ते समाजकल्याण खात्यात विचारा. अशा केंद्रांना मदत देण्यासाठी खात्याची 'उम्मीद' योजना आहे. घरात राहून मिळणाऱ्या मदतीला कमी लेखू नका. गोव्यातच स्मृतिभ्रंश झालेल्या ८१ माणसांच्या कुटुंबांवर एक अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, त्यांनी सांभाळणाऱ्यांना समजावलं, धीर दिला, वागणुकीचे पेच सोडवायला शिकवलं. ज्या कुटुंबांना ही सोबत मिळाली त्यांतल्या सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. तुम्हालाही ही सोबत हवी आहे, ताई. तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल आलेली एक ओळ मी दोनदा वाचली.

नोकरी सोडू नका. तुमच्या पेन्शनची वर्षं जवळ आली आहेत, आणि २५ वर्षांनी तुमच्या मुलीपुढे हाच प्रश्न येईल तेव्हा तुमच्या हाताशी पैसा लागेल. शिवाय नोकरी सोडून गावी आलेली लेक माईंना ओझं वाटेल, असा माझा अंदाज आहे. तोही त्यांना विचारून पाहा.

माझं मत विचाराल तर आत्ता घाईने हलवू नका, पण ती जागा मनातून काढूनही टाकू नका. तुळशीचं लग्न होईपर्यंत घरीच नीट मदतीची घडी बसवा. त्यानंतर माई तयार असतील तर त्या जागेत महिनाभर पाहुण्यासारखं राहून बघू दे. अनेक ठिकाणी असं थोड्या मुदतीचं राहणं चालतं. गावचं घर तसंच ठेवायचं, अंथरूण गुंडाळायचं नाही, आणि परत यायचं म्हणाल्या तर वाद न घालता परत आणायचं. नाही जायचं म्हणाल्या तर घरची घडी पुढे चालू ठेवायची.

हे सगळं ठरवायला भाऊ इथे असताना एक बैठक घ्या. चवथीच्या दिवशी नको, माटोळी (गणपतीवर बांधलेली फळापानांची आरास) उतरून पाहुणे गेल्यावर. माई, तुम्ही दोघं आणि सोशल वर्कर, एवढीच माणसं. मामा-काकांना नंतर सांगा. सोशल वर्कर आधी अर्धा तास माईंशी एकटी बोलेल, मग सगळे बसतील. भावाच्या वाट्याला पैशाशिवाय कामही येऊ दे: रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल करून गोळ्यांची डबी बघणं, वीज-पाण्याची बिलं, औषधं मागवणं, बायकांचा पगार वेळेवर टाकणं, आणि वर्षातून एकदा लांबची रजा घेऊन येणं, म्हणजे त्या दिवसांत तुम्ही मोकळ्या. कोण काय करणार ते एका कागदावर लिहा आणि पुन्हा बसायची तारीख घाला. माई पुन्हा पडल्या, रात्री घराबाहेर निघून गेल्या किंवा अंगावरचे कपडे सैल होण्याइतकं वजन उतरलं, यातलं एक जरी घडलं तरी तारखेची वाट न पाहता आठवड्याच्या आत बसायचं आणि भावाने बहरीनहून त्यात हजर राहायचं, हेही त्याच कागदावर लिहा आणि तो जाण्यापूर्वी त्याची सही घ्या.